रानातला भयपट करताय? या चुका टाळा

पहिली चूक कागदावरच होते. हडळ, मुंजा, वेताळ, खवीस असे सगळे एकाच रानात आणून सोडले जातात. आपल्याकडे प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा, आणि तो पिंपळावर. कोकणातला राखणदार तर शिवेची राखण करतो, त्याला गाऱ्हाणं घालतात, त्याचा मान देतात. त्याला रक्तपिपासू केलंत की तळकोकणातला प्रेक्षक तिथेच तुमचा हात सोडतो. एकच दंतकथा घ्या आणि तिचे नियम पाळा.

मला चकवा सगळ्यात जवळचा, कारण त्यात काही दाखवावंच लागत नाही. माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच झाडापाशी येतो. म्हातारी माणसं सांगतात, चकवा लागला की आहे तिथे बस, उजाडू दे. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही जणांना जंगलात सरळ चालायला सांगितलं. सूर्य ढगाआड होता तेव्हा ते गोल फिरले, स्वतःचीच वाट ओलांडून गेले, आणि त्यांना पत्ताही लागला नाही. म्हणजे भीती खरी आहे, ती वाढवून सांगायची गरज नाही.

आमच्या लघुपटात चकवा साफ फसला होता. तेच झाड तीनदा दाखवलं, पण बघणाऱ्यांना ती तीन वेगळी झाडं वाटली. रानात सगळे बुंधे सारखेच दिसतात. मग बुंध्याशी पट्टा तुटलेली एक चप्पल ठेवून पुन्हा शूट केलं. पहिल्या फेरीत कॅमेरा तिच्यावर क्षणभर थांबतो. दुसऱ्या फेरीत चपलेत पावसाचं पाणी साचलेलं. तिसऱ्या फेरीत चप्पल उलटी पडलेली. सीन चालत नसेल तर धूर आणि संगीत वाढवण्याआधी अशी एखादी खूण शोधा.

इतिहास नुसता शोभेला लावू नका. सातारा जिल्ह्यातल्या वासोट्याचंच बघा. हा किल्ला तुरुंग म्हणून वापरला जायचा. १८१८ साली इंग्रजांनी तो घेतला तेव्हा हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी तिथल्या कैदेतून सुटले. भोवतीच्या रानाकडे बघत त्यांनी रात्री कशा काढल्या असतील, एवढं सुचलं तरी सिनेमा उभा राहतो. इथे खोटं हत्याकांड घुसडायचं काही कारण नाही. खाली कोयना धरणाच्या पाण्यात गावंच्या गावं गेली आहेत आणि तिथली माणसं, त्यांची नातवंडं अजून आहेत. त्यांचं बुडालेलं गाव शापित दाखवण्याआधी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा, ऐका.

आवाजात सर्रास होणारी चूक म्हणजे घाटातल्या दाट रानात लांडग्याची आरोळी. आपल्याकडे लांडगा माळरानावरचा. रानात वानर खाकरल्यासारखं ओरडून धोका सांगतं, ते वापरा. आणि रातकिडे अचानक थांबले, याहून भयाण दुसरं काही नाही. पण युनिट हललं की जवळचे किडे गप्प होतात, म्हणून जनरेटर बंद करून सगळ्यांना दहा मिनिटं बसवा आणि मगच रेकॉर्डिंग सुरू करा.

परवानगी शेवटी बघू, असं म्हणू नका. वासोटा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, बामणोलीहून बोटीने गेलात तरी संध्याकाळच्या आत परतावं लागतं. रात्रीचे सीन गावाजवळच्या खासगी रानात, मालकाला विचारून करा.