दुर्बीण आणि संसार: आकाशनिरीक्षणाचा छंद जोडीदाराला जाचक होऊ नये म्हणून

आकाश बघायचा वेळ रात्रीचा, आणि घरात दोघांना निवांत मिळणारा वेळही रात्रीचाच. अडचण इथे सुरू होते. तरीही घरच्या माणसाला सहसा तासांपेक्षा आयत्या वेळचे बेत जास्त जाचतात. संध्याकाळी सहाला ढग पांगले, सातला गाडीत सामान चढलं आणि घरातल्या दुसऱ्या व्यक्तीची रात्र तिला न विचारता ठरून गेली, असं महिन्यातून तीनदा झालं की दुर्बिणीकडे बघायचीही इच्छा उरत नाही. म्हणून पुढची बहुतेक कामं हा छंद आधी कळेल असा, म्हणजे ठरलेल्या तारखांचा आणि ठरलेल्या वेळेचा करण्याची आहेत.

खरा वेळ मोजा

‘दोन तासांत येतो’ हे वाक्य वापरणं आधी सोडा. पाऊण तासावरच्या अंधाऱ्या जागी जाऊन दोन तास निरीक्षण करायचं, तर हिशेब असा पडतो: सामान भरायला २० मिनिटं, जायला ४५, मांडणी करून आरसे जुळवायला ३०, निरीक्षण १२०, आवराआवर २०, परतीला ४५, उतरवून सामान वाळत ठेवायला १५. एकूण २९५ मिनिटं, म्हणजे पाच तासांना पाचच मिनिटं कमी. छायाचित्रण करणाऱ्यांनी दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाशी जुळवणं आणि तारा चौकटीत स्थिर ठेवणारा मार्गदर्शक कॅमेरा बसवणं यासाठी आणखी अर्धा-पाऊण तास धरावा. पुढच्या तीन फेऱ्यांना घड्याळ लावून तुमचा स्वतःचा आकडा काढा आणि तोच घरी सांगा. पाच तास सांगून साडेचार तासांत परतणाऱ्यावर विश्वास बसतो, दोन सांगून पाच तासांनी परतणाऱ्यावर बसत नाही.

एक मोठी बचत घरीच होते. दुर्बिणीतला ८ इंची आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला पाऊण ते एक तास लागतो. तोवर नळीत गरम हवेचे प्रवाह फिरत राहतात आणि ग्रह वाहत्या पाण्याखाली ठेवल्यासारखा हलतो. घरून निरीक्षण करणार असाल तर सूर्यास्ताच्या सुमारास, ऊन पूर्ण उतरल्यावर, दुर्बीण गच्चीत किंवा अंगणात नेऊन ठेवा. ती निवेपर्यंत जेवण, भांडी, मुलांना झोपवणं उरकतं, आणि तुम्ही त्या तासात घरातच असता.

तारखा चंद्रावरून ठरवा

पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. वद्य पंचमीला तो रात्री दहाच्या आसपास येतो, अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास. अमावास्येनंतर शुद्ध चतुर्थीपर्यंत तो लवकर मावळतो. म्हणजे मध्यरात्रीपर्यंतचा बराचसा वेळ खऱ्या अर्थाने काळोखाचा मिळतो तो वद्य अष्टमी ते शुद्ध चतुर्थी, साधारण ११-१२ रात्री. त्यात एक किंवा दोन शनिवार पडतात. वर्षात अमावास्या १२ किंवा १३. एवढंच भांडवल आहे आणि ते वर्षभर आधी माहीत असतं.

तीन महिन्यांचं कॅलेंडर दोघांनी समोर घ्या. आधी जोडीदाराच्या तारखा लिहा: वाढदिवस, प्रवास, कामाची गर्दी, पाहुणे. मग उरलेल्या काळोख्या रात्रींतून दर महिन्याला दोन रात्री निवडा आणि ढग आले तर म्हणून एक राखीव ठेवा. हा क्रम उलटा करू नका. आधी अमावास्या लिहून मग घरच्या गोष्टी उरलेल्या जागेत बसवल्या, तर ते कॅलेंडर एकट्याचंच होतं. पौर्णिमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या आठ-दहा रात्री घरासाठी मोकळ्या सोडा; धूसर तेजोमेघ तेव्हा तसेही दिसत नाहीत.

वर्षाच्या सुरुवातीला न चुकवण्याच्या तारखांची वेगळी यादी करा आणि ती पाच-सहा ओळींतच संपवा. ग्रहणं, १२-१३ ऑगस्टच्या सुमाराचा ययातीतला उल्कावर्षाव, १३-१४ डिसेंबरचा मिथुनेतला उल्कावर्षाव, इतकं पुरे. उल्कावर्षावाच्या वेळी चंद्र मोठा असेल तर त्या वर्षी ती ओळ खोडून टाका. प्रत्येक युती ‘दुर्मीळ’ म्हणून सांगितली, की खरोखर दुर्मीळ घटनेच्या वेळी तो शब्द पोकळ वाटतो.

अक्षांशाचाही विचार करा. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्याशिवाय आकाश पूर्ण काळं होत नाही. विषुववृत्ताजवळ याला सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तास लागतो, पण ५० अंशांच्या पलीकडे ऐन उन्हाळ्यात काही आठवडे तसा अंधार होतच नाही. तिथल्या लोकांनी सुट्टीचे बेत त्याच आठवड्यांत करावेत.

रद्द करण्याची वेळ ठरवा

जायचं की नाही, हे ठरलेल्या दिवशी दुपारी चारला सांगून टाका आणि मग बदलू नका. रद्द झालं तर ती संध्याकाळ पूर्ण घराची. दर अर्ध्या तासाने गॅलरीत जाऊन ढग बघणारा माणूस घरात असून नसल्यासारखा असतो, आणि ते समोरच्याला फार लवकर कळतं. नंतर आकाश स्वच्छ झालंच तर हळहळ वाटेल. ती रात्र जाऊ द्या, राखीव तारीख त्यासाठीच आहे.

दोन संच ठेवा

दर वेळी मोठी मोहीम काढावी लागली तर छंद एक तर थांबतो, नाही तर घरावर चढतो. म्हणून एक संच तासाभराचा हवा: १०×५० ची द्विनेत्री, मागे रेलता येईल अशी खुर्ची, लाल टॉर्च आणि तारानकाशा. हे सगळं पाच मिनिटांत बाहेर, पाच मिनिटांत आत. थोडं जास्त हवं असेल तर एका हाताने उचलता येणारी ८० मिमीची अपवर्तक (आरशाऐवजी भिंगाची) दुर्बीण. चंद्र, ग्रह आणि जोडतारे शहराच्या उजेडातही चांगले दिसतात, त्यांच्यासाठी गाव सोडायची गरज नाही. मोठा संच महिन्याच्या त्या दोन रात्रींपुरता. वर्षाअखेर हिशेब केला तर बहुतेकांचं जास्त निरीक्षण छोट्या संचानेच झालेलं असतं.

जागा, दिवे, आवाज

८ इंची डॉब्सोनियनचा (जमिनीवर फिरत्या पायावर ठेवायच्या आरशाच्या दुर्बिणीचा) पाया सुमारे अर्धा मीटर रुंद असतो आणि नळी साधारण सव्वा मीटर लांब. ती कायम कुठे राहील ते विकत घेण्याआधी ठरवा, जमिनीवर खडूने वर्तुळ काढून. त्याशिवाय ओल्या रात्रीनंतर आणखी एक जागा लागते, तिचा विचार बहुतेक जण करत नाहीत. दवाने भिजलेली दुर्बीण झाकणं लावून पेटीत टाकली तर आरशावर डाग पडतात आणि भिंगांवर बुरशी येते. ती रात्रभर उघडी, नळी आडवी ठेवून वाळू द्यावी लागते. ही वाळवण्याची जागा जेवणाचं टेबल किंवा येण्याजाण्याची वाट नसावी.

डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या दिव्याच्या एका झोताने ती जाते. त्यासाठी घरातल्या सगळ्यांनी अंधारात वावरावं ही अपेक्षा मात्र चूक आहे. गच्चीच्या दाराला जाड पडदा लावा, जिन्यात मंद लाल दिवा लावा, स्वतः डोक्यावरून काळं कापड घ्या. जुळवून घेण्याची जबाबदारी छंद असणाऱ्याची.

परतल्यावर झोपमोड होऊ नये यासाठी कपडे आणि चार्जर निघण्याआधीच दुसऱ्या खोलीत काढून ठेवा, आणि दोननंतर परतायचं असेल तर तिथेच झोपा. तिपाई वगैरे जड सामान सकाळी उतरवलं तरी चालतं. आयपीस (डोळा लावायची भिंगं), कॅमेरा आणि बॅटऱ्या तेवढ्या आत घ्या.

पैसे

वर्षाची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवा. तेवढीच रक्कम जोडीदाराच्या आवडीसाठी बाजूला काढा, मग ती खर्च होवो वा न होवो. ठरावीक मर्यादेवरची वस्तू यादीत लिहून एक अमावास्या ते दुसरी अमावास्या थांबा. पुष्कळ वस्तूंची ओढ २९ दिवसांत ओसरते. किंमत लपवू नका आणि सामानही लपवू नका. तिसरी दुर्बीण घेण्याआधी उंची बदलता येणारी खुर्ची, आरसे जुळवण्याचं साधन आणि अंधाऱ्या जागी दोन जास्तीच्या फेऱ्या घ्या. दिसण्यात खरा फरक त्यांनी पडतो.

जोडीदाराची पहिली रात्र

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून हे सविस्तर. थंडीत, पहाटे दोनला, एका पुसट दीर्घिकेकडे बोट दाखवत ‘दिसतंय ना?’ विचारणं म्हणजे पुढची सगळी निमंत्रणं घालवणं.

१. शुद्ध षष्ठी ते दशमीमधली संध्याकाळ निवडा. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि खोली डोळ्यांना जाणवते. पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो आणि डोळे दिपवतो.

२. वस्तू तीनच, वेळ ४० मिनिटं. चंद्र, मग गुरू वर असेल तर त्याचे चार उपग्रह, मग एखादा तारकागुच्छ किंवा रंगीत जोडतारा: कृत्तिका, किंवा हंसाच्या चोचीपाशी सोनेरी-निळा अल्बिरिओ. शनी दाखवणार असाल तर आधी सांगा, की २०२५ मध्ये त्याची कडी कडेने दिसत होती आणि २०३२ च्या सुमाराला ती सर्वात उघडी दिसतील. मधल्या वर्षांत ती हळूहळू रुंदावताना बघण्यातही आनंद आहे.

३. खुर्ची द्या. वाकून, मान पिळून, एका पायावर उभं राहून कुणालाच काही दिसत नाही.

४. फोकस त्यांच्या डोळ्याला लागतो, तुमच्या नाही. फोकसचं चाक त्यांच्या हातात द्या आणि ‘कडा धारदार होईपर्यंत हळू फिरवा’ एवढंच सांगा. फक्त जवळचा किंवा दूरचा चष्मा असेल तर तो काढून चालतं. नंबर दंडगोल (सिलिंड्रिकल) असेल तर चष्मा ठेवावा लागतो. त्यासाठी भिंगापासून डोळा १५ ते २० मिमी दूर ठेवता येईल अशी आयपीस लावा.

५. पृथ्वी फिरते म्हणून वस्तू सरकते, आणि ‘मला काहीच दिसलं नाही’ याचं बहुधा हेच कारण असतं. १२०० मिमी नाभीय अंतराच्या (फोकल लेंग्थच्या) दुर्बिणीला ६ मिमीची आयपीस लावली की वस्तू २०० पट मोठी दिसते. ५२ अंशांच्या दृश्यक्षेत्रात तारा मध्यापासून अर्ध्या मिनिटात बाहेर पडतो. २५ मिमीची लावली तर ४८ पट, आणि कडेपासून कडेपर्यंत जायला चार मिनिटांहून जास्त लागतात. म्हणून कमी पटीने सुरू करा. वस्तू कोणत्या कडेने बाहेर जाते ते बघा, तिला समोरच्या कडेला आणून ठेवा आणि मग जागा सोडा.

६. काय दिसणार ते खरं सांगा. मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत, त्यामुळे छायाचित्रातली जांभळी-निळी देवयानी दीर्घिका डोळ्याला राखाडी ढगासारखी दिसते. तो उजेड सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघाला, हे एक वाक्य तिथे पुरतं. प्रश्न आला तर उत्तर द्या, व्याख्यान देऊ नका.

७. तुम्हीच थांबवा. ‘अजून एक’ ही मागणी त्यांच्याकडून आली तरच चौथी वस्तू.

अंगावर नेहमीपेक्षा दोन थर जास्त असू द्या, दोघांच्याही. स्थिर बसलेल्या माणसाला चालणाऱ्यापेक्षा खूप लवकर गारठा लागतो.

साथ असली म्हणजे आवड असायला हवी असं नाही

कॅरोलिन शूमेकर यांनी मुलं मोठी झाल्यावर, वयाच्या पन्नाशीनंतर, पती यूजीन यांच्या कामात लक्ष घातलं आणि ३२ धूमकेतू शोधले. १९९४ मध्ये गुरूवर आदळलेला शूमेकर-लेव्ही ९ त्यांतलाच. हे उदाहरण सुंदर आहे, पण घरी अपेक्षा म्हणून सांगायचं नाही. जोडीदार कधीच आयपीसला डोळा लावणार नाही, तरी तुमची ठरलेली रात्र जपेल, ही पूर्ण साथ आहे. तिचं मोल तासांतच परत करा: तुमच्या महिन्याला दोन फेऱ्या म्हणजे दहा तास, तर जोडीदाराचे दहा तासही कॅलेंडरवर तितक्याच पक्क्या शाईने. त्या वेळात मुलं, स्वयंपाक, फोन सगळं तुमच्याकडे.

निरीक्षणानंतरची सकाळही आधी ठरवा. उदाहरणार्थ, नऊपर्यंत झोप आणि नंतर दुपारपर्यंत घर तुमच्यावर. रात्र बाहेर काढून दिवसही झोपेत घालवला, तर पाच तासांचे बारा होतात.

काळजी वाटू नये म्हणून

अंधाऱ्या जागी मोबाइलला बहुधा रेंज नसते. निघण्याआधी नेमकं ठिकाण, सोबत कोण आहे आणि ‘या वेळेपर्यंत निरोप नाही आला तर फोन कर’ अशी वेळ लिहून ठेवा. परतताना रेंज मिळाली की पहिला निरोप घरी. डोळे जड वाटले तर गाडी चालवण्याआधी वीस मिनिटं झोपा. उशीर होणार हेही शक्य तिथून कळवा.

एकत्र प्रवास: सूर्यग्रहण

ज्यांना आकाशात फारसा रस नाही, त्यांनाही खग्रास सूर्यग्रहण हलवून सोडतं. १२ ऑगस्ट २०२६ चं ग्रीनलंड, आइसलँड आणि स्पेनमधून दिसणारं आहे. २ ऑगस्ट २०२७ चं उत्तर आफ्रिकेतून, आणि इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून जास्त टिकेल. प्रवासाचा आराखडा जोडीदाराला करू द्या. तुमची अट एकच, ग्रहणाच्या दिवशी खग्रास पट्ट्याच्या आत असणं.

सौर फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला, घट्ट बसवलेला. आयपीसला लावायचा फिल्टर उष्णतेने तडकू शकतो, आणि ग्रहणाचे चष्मे घालून दुर्बिणीतून किंवा द्विनेत्रीतून कधीही बघू नये. सूर्य पूर्ण झाकला जाईल तेव्हाच फिल्टर काढायचा आणि सूर्याची पहिली ठिणगी दिसण्याआधी परत लावायचा. कॅमेरा आपोआप छायाचित्रं घेईल असा आधीच लावून ठेवा, म्हणजे सूर्याभोवतीचं प्रभामंडल (करोना) दिसेल त्या क्षणी दोघांचेही हात मोकळे असतील.