रिमॅपनंतर एमआयडीवरचं ॲव्हरेज वाढलं? आधी या चुका टाळा

"स्टेज १ रिमॅप केला. पिकअप तर वाढलाच, वर ॲव्हरेजही दोनने वाढलं." रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली (ईसीयूमधली) सेटिंग, म्हणजे मॅप, बदलून ताकद वाढवणं. डिझेल गाडीवाल्यांच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं, आणि पुरावा म्हणून एमआयडीचा, म्हणजे डॅशबोर्डवरच्या माहितीच्या स्क्रीनचा, फोटो दाखवला जातो. फोटो खराच असतो, पण त्यातला आकडा टाकीशी ताडून पाहिल्याशिवाय मानू नका.

आपल्या रोजच्या गाड्यांत इंधनाच्या पाइपवर मीटर बसवलेला नसतो. इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) किती वेळ उघडायचा आणि रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब किती आहे, यावरून किती डिझेल गेलं असेल याचा हिशेब ईसीयू मांडतो. अंतर चाकांच्या सेन्सरवरून मिळतं. या दोन आकड्यांचा भागाकार स्क्रीनवर उमटतो. सगळा हिशेब कंपनीचे इंजेक्टर आणि कंपनीचा मॅप धरून बेतलेला असतो. त्यातलं काही बदललं की हिशेब चुकू शकतो, आणि डिझेलमध्ये तो बहुतेकदा आपल्याला आवडेल त्याच बाजूला चुकतो.

ट्यूनिंग बॉक्स लावून स्क्रीनवर विसंबणं

ट्यूनिंग बॉक्स म्हणजे ताकद वाढवायला बाहेरून वायरिंगमध्ये जोडायची डबी. ही सगळ्यांत मोठी चूक. स्वस्तातले बरेच बॉक्स रेल प्रेशर सेन्सरच्या वायरमध्ये बसतात आणि ईसीयूला दाब खऱ्यापेक्षा कमी सांगतात. ईसीयू दाब वाढवतो. समजा खरा दाब १,३२० बार आहे आणि ईसीयूला १,२०० दिसतोय. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तेवढ्याच वेळात जवळपास ५ टक्के जास्त डिझेल आत जातं. ईसीयूच्या वहीत ते कुठेच लिहिलं जात नाही. टाकी रिकामी होते, स्क्रीन मात्र खूश.

ईसीयूतच केलेल्या रिमॅपचं तसं नाही. तिथे काम कसं केलंय यावर सगळं ठरतं. ट्यूनरने टॉर्क (इंजिनाची ओढ) आणि स्मोकच्या (धुराच्या) मर्यादा वाढवल्या, पण इंजेक्टर उघडण्याच्या वेळेचा मॅप तसाच ठेवला, तर हिशेब शाबूत राहतो. त्याने तो वेळच ताणला, तर ईसीयू ५० मिलिग्रॅम मागतो, आत ५५ जातात आणि नोंद ५० चीच होते. म्हणून पैसे देण्याआधी सरळ विचारा, "ड्युरेशन मॅपला हात लावणार का?" जाणकार ट्यूनर याचं नीट उत्तर देतो. ज्याला प्रश्नच कळत नाही, त्याच्या हाती माझी गाडी मी देणार नाही.

इंजेक्टर बदलताना आणखी एक गोष्ट राहून जाते. अनेक कॉमन रेल इंजेक्टरवर कोड कोरलेला असतो आणि तो स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. नाहीतर कोणत्या इंजेक्टरमधून नेमकं किती जातं, याचा ईसीयूचा अंदाज चुकतो.

सीएनजी किट आणि पेट्रोलचं ॲव्हरेज

बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये पेट्रोलचा ईसीयू आपलं काम करतच राहतो. त्याचे सिग्नल किटचा ईसीयू पकडतो आणि गॅसचे इंजेक्टर उघडतो. त्यामुळे पेट्रोलचा थेंब खर्च न होताही बऱ्याच गाड्यांत स्क्रीन 'किलोमीटर प्रति लिटर' दाखवत राहते, आणि किती अंतर जाता येईल तो आकडाही भरकटतो. गॅसवर चालताना ट्रिप मीटर आणि पंपावर भरलेले किलो एवढंच धरा. शिवाय एक किलो सीएनजीत एक लिटर पेट्रोलपेक्षा बरीच जास्त ऊर्जा असते, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून इंजिनाची तुलना करू नका.

टायरचंही थोडक्यात सांगतो. १८५/६५ आर१५ काढून १९५/६५ आर१५ घातले की व्यास सुमारे २ टक्के वाढतो. ओडोमीटर तेवढं अंतर कमी मोजतो आणि ॲव्हरेज उगाच पडल्यासारखं दिसतं. पुणे–मुंबई एक्स्प्रेसवेच्या किलोमीटर फलकांशी किंवा जीपीएसशी एकदा पडताळून घ्या.

गाडीच्या ओबीडी सॉकेटमधून (तपासणीच्या जोडणीतून) आकडे वाचणाऱ्या मोबाइल ॲपनेही खात्री होत नाही. त्यातली बरीच ॲप एअरफ्लो सेन्सरच्या आकड्याला पेट्रोलच्या १४.७ या हवा-इंधन प्रमाणाने भागतात. डिझेल इंजिनात हवा नेहमीच त्याहून जास्त असते, म्हणून तो हिशेब तिथे लागूच पडत नाही.

मग खरं ॲव्हरेज कसं काढायचं?

टाकी ते टाकी. तोच पंप, शक्यतो तेच नोझल आणि पहिल्या ऑटो कटला थांबायचं. डिझेलला फेस येतो, त्यामुळे दरवेळी लिटरभर फरक पडू शकतो. ४० लिटरमध्ये तो अडीच टक्के होतो, पण १० लिटर भरून हिशेब केलात तर थेट १० टक्के! म्हणून टाकी बरीच खाली आल्यावरच भरा आणि निदान तीन टाक्यांची सरासरी घ्या. रिमॅप करायचा असेल तर आधीच्या तीन टाक्यांचीही नोंद हवी, नाहीतर तुलना कशाशी करणार?

समजा ६४० किलोमीटरला ४० लिटर लागले, म्हणजे १६. स्क्रीन १८ दाखवते. दर टाकीला फरक एवढाच येत असेल, तर स्क्रीनवरच्या आकड्याला ०.८९ ने गुणत चला. जुन्या फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांत स्कॅनरने क्लस्टरमध्येच (डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये) ८५ ते ११५ टक्क्यांपर्यंत दुरुस्ती करता येते.

फरक दर टाकीला वाढत असेल, तर मात्र गुणाकार करत बसू नका. इंधनाच्या लाइनला गळती आहे का पाहा, आणि डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा. पातळी वर चढली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर ते डिझेल ऑइलमध्ये मिसळतंय. अशा वेळी गाडी चालवत राहिलात तर बेअरिंग आणि टर्बो दोन्ही धोक्यात येतात.