रक्त चढवताना पहिली 15 मिनिटं
पुण्यात पावसाळा सरता सरता डेंग्यूने वॉर्ड भरतात आणि एकाच रात्री तीन-चार जणांना प्लेटलेट चढवाव्या लागतात. अशा घाईतही, सिस्टर, पिशवी सुरू केल्यावर पहिली 15 मिनिटं खाटेपाशीच थांबा. थंडी वाजणं, ताप 1 अंश सेल्सिअसने चढणं, कंबर दुखणं, अंगावर पित्त उठणं, किंवा पेशंटचं नुसतं ‘कसंतरीच होतंय’ (हे तर मुळीच हसण्यावारी नेऊ नका) यातलं काहीही दिसलं की आधी पिशवी बंद. सुई मात्र काढू नका. नवा सेट (पिशवीपासून सुईपर्यंतची नळी) लावून सलाईन चालू ठेवा, डॉक्टरांना बोलवा, पेशंटचं नाव आणि पिशवीवरचा नंबर पुन्हा ताडून बघा. उरलेली पिशवी सेटसकट रक्तपेढीकडे पाठवा. चुकीची पिशवी लावण्याआधीच लक्षात आली, तरी इन्सिडंट फॉर्म (झालेल्या चुकीची नोंद) त्याच शिफ्टमध्ये भरा.