नाटकातून वाचायला-लिहायला कसं शिकवायचं? प्राथमिकच्या वर्गासाठी सोप्या पायऱ्या

वर्गात नाटक म्हटलं की स्टेज, ड्रेस, पाठ केलेले डायलॉग आणि चार धीट मुलांना मेन रोल असंच डोळ्यासमोर येतं. इथे सांगतेय ते नाटक वेगळं आहे. यात प्रेक्षक नसतात, सगळा वर्ग एकाच वेळी खेळत असतो आणि खेळता खेळता मुलाला काहीतरी वाचावं किंवा लिहावं लागतं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण वाचायची-लिहायची गरजच पडत नसेल तर खेळ कितीही रंगला तरी भाषेच्या तासाला त्याचा फार उपयोग नाही.

पायरी 1: उतारा निवडा

छोटा घ्या, दहा-बारा ओळी पुरे. त्यात कुणाला तरी काहीतरी ठरवायचंय अशी अडचण पाहिजे, नुसतं वर्णन असलं तर मुलं करणार काय? समजा गोष्ट अशी आहे की चिमीला झाडाखाली घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडतं, दादा म्हणतो घरी नेऊ, आणि वर फांदीवर पिल्लाची आई ओरडतेय. गोष्ट आधी एकदा वाचून दाखवा पण चिमी काय करते ते सांगू नका, तिथेच थांबा.

पायरी 2: थांबायची खूण ठरवा

टाळी, घंटी, हात वर, काहीही चालेल, पण खूण झाली की जिथे आहे तिथे पुतळा. गोष्टीला हात लावायच्या आधी नुसता याचाच खेळ दोन-तीन वेळा घ्या. बाकं हलवता येत नसतील तर बाकाशेजारी उभं राहूनही सगळं जमतं.

पायरी 3: पुतळे करा आणि वाक्य शोधा

चार-पाच जणांचे ग्रुप करा. प्रत्येक ग्रुपने उताऱ्यातलं एक वाक्य गुपचूप निवडायचं आणि त्याचं न हलणारं चित्र स्वतःच्या अंगाने उभं करायचं, म्हणजे एक जण झाड, एक पिल्लू, एक चिमी वगैरे. बाकीच्यांनी उतारा हातात घेऊन ते नेमकं कुठलं वाक्य आहे ते शोधायचं आणि मोठ्याने वाचायचं. मुलं तोच उतारा पुन्हा पुन्हा चाळतात, कुणी म्हणतं दुसरी ओळ, कुणी म्हणतं नाही नाही चौथी, कारण पिल्लाचे डोळे मिटलेत ते चौथीत लिहिलंय. हा वाद होऊ द्या, लगेच उत्तर देऊ नका, समजून वाचणं म्हणतात ते याच वादात घडत असतं. मग एकेका पुतळ्याच्या खांद्याला हात लावा आणि त्याच्या मनात काय चाललंय ते एका वाक्यात बोलायला सांगा, आणि ती वाक्यं फळ्यावर लिहीत जा, पुढे लिहिताना लागतील.

पायरी 4: हॉट सीट

एक मूल चिमी होऊन खुर्चीत बसतं आणि वर्ग तिला प्रश्न विचारतो. प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर तीच पाच मुलं ओरडत राहतात. का, कसं, मग काय झालं असे प्रश्न हवेत, ज्याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही होईल तो प्रश्न बदलून घ्या. आणि उत्तर आलं की मध्येच विचारायचं, हे गोष्टीत लिहिलंय की तू अंदाज केलास? लिहिलं असेल तर ओळ दाखव, अंदाज असेल तर कशावरून ते सांग. लाजाळू मुलं असतील तर दोघांनी मिळून एकच चिमी व्हायचं, एक अडलं की दुसरं बोलतं. जबरदस्ती मात्र कुणालाच नको, बघणारं मूलसुद्धा भाषा घेत असतं.

अमेरिकेतल्या ॲन पॉडलॉझ्नी यांनी 2000 साली वर्गातल्या नाटकावरच्या 80 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. त्यात दिसलं की नाटक केलेली गोष्ट तर मुलांना जास्त समजतेच, पण ज्या नव्या गोष्टीचं नाटक केलेलंच नाही ती समजायलाही मदत होते. म्हणून यात गेलेला वेळ मला वाया गेलेला अजिबात वाटत नाही.

पायरी 5: लगेच लिहायला बसवा

उद्यावर ढकलू नका, त्याच तासाला दहा मिनिटं ठेवा. 'चिमीबद्दल पाच वाक्यं लिहा' असं न सांगता 'तू चिमी आहेस, दादाला चिठ्ठी लिही, पिल्लू घरी का न्यायचं किंवा का न्यायचं नाही ते त्याला पटलं पाहिजे' असं सांगा. लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण हे ठरलं की मुलांना शब्द सुचतात. ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं आणि तुम्ही त्यांच्यासमोर त्यांच्याच शब्दांत लिहायचं, मग ते वाचायचं आणि वर्गाने ते करून बघायचं. व्हिव्हियन पेली या अमेरिकेतल्या बालवाडी शिक्षिकेने मुलांनी सांगितलेल्या गोष्टी अशाच लिहून घेऊन वर्गात करवल्या.

अक्षरं शिकणाऱ्या मुलांसाठी

इथे मुलांनाच अक्षर बनवा. गळ्यात कार्ड, एक जण म, एक जण न, दोघं उभे राहिले की 'मन', मध्ये काना घुसला की 'मान', वर्ग मोठ्याने वाचतो. पहिल्या वेलांटीला जरा जास्त वेळ द्या, कारण बोलताना तिचा आवाज अक्षरानंतर येतो पण लिहिताना ती अक्षराच्या आधी उभी राहते आणि मुलं इथेच गोंधळतात. वेलांटी झालेलं मूल स्वतः चालत जाऊन 'द'च्या आधी उभं राहिलं आणि 'दन'चा 'दिन' झाला की ते त्यांना दिसतं. याच पद्धतीने शब्दांची कार्डं देऊन वाक्य बनवता येतं, आणि पूर्णविराम झालेल्या मुलाने शेवटी जाऊन टुणकन खाली बसायचं.

टीचरनेही रोल घ्यावा

डोरोथी हीथकोट या ब्रिटिश शिक्षिकेने ही पद्धत खूप वापरली. तुम्ही खांद्यावर एक ओढणी टाका आणि सांगा की आता मी बागेची राखणदार आहे, मला वाचता येत नाही, झाडाला ही चिठ्ठी अडकवलेली होती, कुणी वाचून दाखवता का? एरवी टीचरला सगळं येतं आणि मुलांना नाही, इथे उलटं होतं, आणि अडखळत वाचणारी मुलंही पुढे येतात. ओढणी काढली की पुन्हा टीचर, हे आधीच स्पष्ट सांगा म्हणजे लहान मुलं घाबरत नाहीत.

वाचनाचा वेग वाढवायचा असेल तर

रीडर्स थिएटर घ्या. पाठांतर नाही, कागद हातात ठेवून आपापले संवाद वाचायचे. चांगलं वाचून दाखवायचंय म्हणून मुलं तोच कागद तीन-चार दिवस आपणहून वाचतात आणि पुन्हा पुन्हा वाचल्यानेच अडखळणं कमी होतं. ज्याला वाचन जड जातं त्याला छोटी ओळ द्या, पण ती महत्त्वाची असू द्या, जिच्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही अशी.

तपासताना अभिनयाला मार्क देऊ नका. चिठ्ठ्या जपून ठेवा आणि महिन्याभराने शेजारी शेजारी ठेवून बघा, वाक्यं लांब झालीत का, 'कारण', 'पण', 'म्हणून' असे शब्द यायला लागलेत का, आणि गोष्टीतला एखादा नवा शब्द मुलाने स्वतःच्या वाक्यात वापरलाय का.