इम्पोर्टच्या वादात पडण्याआधी

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची आवृत्ती २ चालू होती, त्या दिवसांत मी एका पॅकेजमधल्या (फाइलींच्या संचातल्या) माझ्या मॉड्यूलला, म्हणजे कोडच्या एका फाइलला, 'स्ट्रिंग' हे नाव दिलं. शेजारच्या फाइलमध्ये 'इम्पोर्ट स्ट्रिंग' (म्हणजे 'स्ट्रिंग' मॉड्यूल इथे आण) लिहिलं, की भाषेसोबत येणारं त्याच नावाचं मॉड्यूल बाजूला राहायचं आणि माझंच उचललं जायचं. चूक सापडायला दोन दिवस लागले. ती शोधताना २००३ सालचा पेप ३२८ (पायथॉनमधले बदल सुचवणारे प्रस्ताव म्हणजे पेप) वाचला आणि भाषेच्या रचनेची गोडी तिथेच लागली.

त्यातला नियम सोपा आहे: नुसतं नाव लिहिलं तर शोध सर्वांत वरून, पॅकेजच्या आतून नव्हे; शेजारचं मॉड्यूल हवं असेल तर आधी टिंब द्यायचं. पण तो नियम सर्वांना लागू व्हायला २००८ चं पायथॉन ३.० उजाडावं लागलं. मधल्या काळात, २.५ पासून, ज्याला हवा त्याने तो 'फ्यूचर'मधून (पुढच्या आवृत्तीचे नियम आधीच वापरू देणाऱ्या सोयीतून) मागून घ्यायचा. इतका धीर का धरला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी आपला 'ओळीत फ्रॉम हा शब्द आधी असावा की इम्पोर्ट' यावर हिरिरीने भांडत होतो. एकदा एका ज्येष्ठाने विचारलं, "यात कुणाचा कोड मोडेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अशा चर्चांत नव्याने येणाऱ्यांनी म्हणूनच प्रस्तावातला 'नाकारलेल्या कल्पना' हा भाग सगळ्यांत आधी वाचावा. तुम्हाला सुचलेलं बहुतेक वेळा तिथे असतंच, कारणासकट.

'लेझी' इम्पोर्टचं उदाहरण घ्या. नाव पहिल्यांदा वापरेपर्यंत मॉड्यूल लोडच करायचं नाही, म्हणजे प्रोग्राम लवकर सुरू होतो. पेप ६९० मध्ये एका फ्लॅगने (प्रोग्राम सुरू करताना द्यायच्या पर्यायाने) जवळजवळ सगळेच इम्पोर्ट असे होणार होते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये स्टीअरिंग कौन्सिलने, म्हणजे पायथॉनचे निर्णय घेणाऱ्या मंडळाने, तो नाकारला. मॉड्यूल लोड होतं तेव्हा त्यातला कोड चालतो. तो कधी चालेल हे बदललं, की प्रत्येक लायब्ररी दोन्ही तऱ्हांनी तपासावी लागते. त्यातून लोकांत फूट पडेल, ही कौन्सिलची भीती मला रास्त वाटते. २०२५ मध्ये पेप ८१० आला. त्यात हव्या त्या ओळीआधी 'लेझी' लिहायचं. तो स्वीकारला गेला.

मत मांडण्याआधी मोजमापही करा. पायथॉन ३.७ पासून '-एक्स इम्पोर्टटाइम' हा पर्याय आहे. कोणतं मॉड्यूल किती वेळ खातं ते तो दाखवतो.

आणि सरावाला एक प्रश्न: 'ट्राय'च्या (आतली चूक सोबतच्या 'एक्सेप्ट'मध्ये पकडणाऱ्या भागाच्या) आत 'लेझी' इम्पोर्टला मनाई का? मॉड्यूल सापडलं नाही तर चूक कोणत्या ओळीवर फुटेल, ते कागदावर लिहून पाहा. त्या क्षणी 'एक्सेप्ट' केव्हाच मागे पडलेला असतो.