खुब्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा धावायचंय? या चुका टाळा

पोलीस भरतीची जाहिरात येणार अशी नुसती कुणकुण लागली, की आपल्याकडे पहाटे पाचपासून गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोरापोरींची रांग लागते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि मैदानी चाचणीच्या ५० पैकी २० गुण या एकाच धावेचे. त्यामुळे जांघेत दुखायला लागलं तरी कोणी थांबत नाही. स्प्रे मारायचा, पट्टा बांधायचा आणि पळायचं. त्यातल्या काहींचं दुखणं ऑपरेशनपर्यंत जातं. टाके निघाले की पहिला प्रश्न ठरलेला: "आता काई दुखत नाई मॅडम, पयू का?"

तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपी करताना मला सर्वात जास्त काळजी याच प्रश्नाची वाटते. दुखणं आधी जातं, ताकद फार उशिरा येते. मधल्या काळात पाय बरा झाल्यासारखा वाटतो, आणि बहुतेक चुका तेव्हाच होतात.

दुसऱ्याचे व्यायाम आपल्याला लावणे

"त्याचंही खुब्याचंच ऑपरेशन होतं, तो तर महिन्याभरात काठी टाकून चालत होता." असेल, पण कोणतं ऑपरेशन? आमच्याकडे येणाऱ्या तरुणांमध्ये साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, मांडीच्या हाडाच्या मानेला सततच्या पळण्यानं गेलेली बारीक चीर. तिथं स्क्रू टाकतात. स्क्रू हाडाला फक्त धरून ठेवतो, जुळायचं काम हाडालाच करावं लागतं. म्हणून कित्येक आठवडे पायावर पूर्ण वजन टाकू देत नाहीत, आणि पुढची पायरी एक्सरे पाहूनच ठरते. दुसरा प्रकार दुर्बिणीच्या ऑपरेशनचा. सांध्याच्या वाटीच्या कडेची कूर्चा, म्हणजे मऊ लवचीक हाड, फाटलेली असते, ती शिवतात. यात कुबड्या बहुधा दोन ते चार आठवडे लागतात आणि सगळं नीट चाललं तर हलकं जॉगिंग तीन-चार महिन्यांनी सुरू होतं.

तिसरा प्रकार आपल्या भागात विसरून चालत नाही, तो म्हणजे सिकलसेल. पूर्व विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरकडे, हा आजार बराच आहे. वाकड्या झालेल्या रक्तपेशी बारीक वाहिन्या अडवतात, खुब्याच्या गोळ्याला, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाला, रक्त पोहोचत नाही आणि हाड मरायला लागतं. सुरुवातीला हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करतात, गोळा खचला तर सांधा बदलावा लागतो. सांधा बदललेल्यांना अनेक सर्जन पळण्याची परवानगी देत नाहीत. चालणं, सायकल, पोहणं चालतं. हे ऐकायला कठीण आहे, पण ते ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या.

सुट्टी होताना कार्डावर दोन गोष्टी लिहून मागा: नेमकं काय केलं, आणि पायावर किती वजन कधीपासून टाकायचं. या दोन ओळींशिवाय कोणताही फिजिओ तुम्हाला नीट व्यायाम देऊ शकत नाही.

काठी चुकीच्या हातात, आणि लवकर टाकलेली

दहा जणांना काठी दिली तर बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. काठी चांगल्या बाजूच्या हातात हवी. एका पायावर उभं राहतो तेव्हा कंबर सरळ धरून ठेवायचं काम त्याच खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू करतात, आणि ऑपरेशननंतर तेच सर्वात अशक्त असतात. विरुद्ध हातातली काठी त्यांचा भार उचलते. हात सरळ खाली सोडला की मूठ मनगटाच्या घडीशी यावी, एवढी तिची उंची. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी.

बसस्टँडवर लोक बघतात म्हणून काठी घरी ठेवणारे बरेच. मग लंगडत चालण्याची सवय लागते, आणि ही सवय दुखणं गेल्यावरही जात नाही. पुढे त्याच चालीनं पळायला घेतलं की कंबर, गुडघा, दुसरा खुबा, एकेक जण तक्रार करायला लागतो.

तपासणी घरीच होते. शर्ट आत खोचा, कमरेला पट्टा लावा. झेडपी शाळेच्या व्हरांड्यात सरळ चालत जा आणि कोणाला तरी मागून मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. मग तो हळू करून फक्त पट्ट्याकडे बघा. ऑपरेशनच्या पायावर उभं असताना दुसऱ्या बाजूचा पट्टा खाली झुकतो का? की तो झुकू नये म्हणून खांदाच दुखऱ्या बाजूला कलंडतो? दोन्हीपैकी काहीही दिसलं तर काठी सोडायची वेळ आलेली नाही, पळायची तर नाहीच.

उकिडवं, मांडी आणि बाज

शहरातल्या पत्रकात लिहिलेलं असतं, "खुर्चीवर बसा." आपलं जेवण जमिनीवर, संडास भारतीय पद्धतीचा, झोपायला मध्ये झोळ पडलेली बाज. सांधा मागच्या बाजूनं उघडून बदललेला असेल तर सर्जन सांगतील तोवर खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. नाहीतर गोळा वाटीतून निसटू शकतो. दुर्बिणीचं ऑपरेशन असलं तरी सुरुवातीला खोल उकिडवं बसल्यानं शिवलेली जागा चिमटते.

कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच घरात आणून ठेवा, तालुक्याच्या ठिकाणी मिळते. बाजेऐवजी लाकडी दिवाण वापरा, गादी कडक हवी. एसटीनं दूर जायचं असेल तर मागची उसळणारी सीट टाळा आणि थांब्यावर उठून उभे राहा.

व्यायाम केला, पण भलत्याच स्नायूचा

घरोघरी चालणारा व्यायाम म्हणजे उताणं झोपून सरळ पाय उचलणं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर सुरुवातीलाच हा केला तर जांघेपुढचा स्नायू चिडतो आणि ते दुखणं महिनोन्महिने रेंगाळतं. फिजिओनं सांगेपर्यंत तो नको. पाऊल वरखाली हलवणं, कुल्ले आवळून धरणं, टाच अंथरुणावर सरकवणं, हे साधे वाटणारे व्यायाम तेव्हा जास्त कामाचे.

पुढे कुशीवर झोपून पाय वर उचलायचा टप्पा येतो. यातही पाय नकळत पुढे सरकतो आणि बाहेरच्या स्नायूऐवजी पुढचाच काम करतो. भिंतीला पाठ आणि कुल्ले टेकवून झोपा, टाच भिंतीला घासत वर न्या. वीस वेळा जमत होतं तिथं आठातच थरथर सुटेल. ती थरथर योग्य जागी आहे. व्यायामाचा रबरी पट्टा विकत घ्यायला नको, सायकलची जुनी ट्यूब पुरते.

आजी म्हणते, "कोमट तेलानं रगडून देतो, मोकया होईन पाय." आजीची माया खरी, पण ताज्या जखमेवर तेल, हळद, रगडणं काहीही नको. हाड बसवणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नका. आणि व्यायामाआधी वेदनेची गोळी घेऊन "आज भारी जमलं" म्हणू नका, ती गोळी धोक्याची सूचनाच बंद करते.

बरा दिसतो म्हणून शेतात नेणे

सोयाबीनच्या सोंगणीला माणसं मिळत नाहीत हे मलाही कळतं. पण १६ लिटरचा फवारणी पंप भरून पाठीवर घेतला की वीस किलोच्या आसपास ओझं होतं, पायाखाली चिकट काळी माती, आणि प्रत्येक पाऊल उपसून काढायचं. ताज्या ऑपरेशनच्या खुब्यासाठी हे पळण्यापेक्षा वाईट. घरच्यांना एकदा फिजिओकडे सोबत घेऊन या. पोराचं ते ऐकत नाहीत, आमचं ऐकतात. वजन उचलायची परवानगी मिळाल्यावर पाण्याची बादली ऑपरेशनच्याच बाजूच्या हातात धरा. विरुद्ध हातात धरली की खुब्यावर जास्त ताण येतो.

पहिल्याच दिवशी वेळ लावणे

सर्जनची परवानगी, अर्धा तास न लंगडता चालणं, आणि आरशासमोर ऑपरेशनच्या पायावर थोडं वाकून उठताना कंबर न झुकणं, गुडघा आत न पडणं. हे तिन्ही झाल्यावर सुरुवात. एक मिनिट जॉगिंग, दोन मिनिटं चालणं, असे काही फेरे, तेही एक दिवसाआड. आधी अंतर वाढवा. वेग शेवटी. दोन्ही एकदम कधीच नाही. दहापैकी दोन-तीन एवढं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेलं तर चालेल. सकाळीही जांघेत ठणकत असेल तर मागच्या टप्प्यावर या.

डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच बाजूनं पळालात तर एक पाय कायम खाली पडतो. पांदण रस्ता पावसाळ्यात नकोच. शाळेचं सपाट मैदान सर्वात चांगलं. सिकलसेल असणाऱ्यांनी आपल्या उन्हाळ्यात फारच जपावं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की त्रास उसळतो. त्यांच्या पळण्याचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांसोबतच व्हावा.

मुलींना एक वेगळं विचारते: पाळी नियमित आहे का? वजन कमी ठेवायला अर्धी भाकरी खाऊन पळणाऱ्या मुलीची पाळी बंद होते आणि हाडं ठिसूळ होतात. चीर तिथूनच सुरू झालेली असते. स्क्रू टाकून ते कारण जात नाही. वरण, अंडी, दूध, फुटाणे पोटभर खा, आणि पाळी चुकते हे डॉक्टरांना न लाजता सांगा. भरतीत पुन्हा उतरायचं असेल तर वैद्यकीय निकष आधी वाचा, ऑपरेशन लपवू नका.

व्यायाम थांबवून लगेच दवाखाना

पोटरी सुजून दुखणं, ताप, जखमेतून पाणी किंवा पू, अचानक पायावर उभं न राहता येणं, पाय आखूड किंवा वळलेला दिसणं. यात सकाळची वाट बघू नका. दम लागून छातीत दुखलं तर पोटरीतली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. मोटरसायकलवर मधे बसवून नेऊ नका, १०८ ला फोन करा आणि ऑपरेशनचं कार्ड सोबत घ्या.