कॅराव्हॅन साइटवर दिवाळीची रोषणाई: शेजाऱ्याची झोप न मोडता कशी करावी

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटी शाळांना आठवडाभराची हाफ-टर्म सुट्टी असते आणि दिवाळी बहुतेक वेळा तिच्याच आगेमागे येते. कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात त्यामुळे एखादा कंदील आणि दोन माळा हमखास असतात. घरी बाल्कनीत लावलेला कंदील पलीकडच्या इमारतीला फार तर दिसतो. कॅराव्हॅन मुक्कामाला लावायच्या साइटवर मात्र शेजाऱ्याची भिंत म्हणजे तीनेक सेंटिमीटर जाडीचं पॅनेल, खिडक्या अॅक्रिलिकच्या आणि डोक्यावर छपरातला झरोका. तुमचा उजेड थेट त्याच्या उशीपर्यंत पोचतो.

आधी विचारा, मग सामान भरा

बुकिंग करतानाच तीन गोष्टी विचारून घ्या: बाहेर दिवे लावायला परवानगी आहे का, किती वाजेपर्यंत, आणि हुकअपच्या, म्हणजे कॅराव्हॅनला वीज देणाऱ्या, खांबावर किती अँपियर मिळतात. काही साइट्स दिवाळीच्या तारखांना बंदच झालेल्या असतात, तेही तेव्हाच कळतं. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि बऱ्याच हंगामी साइट्स ऑक्टोबर संपताच फाटक लावतात.

एक्समूर, नॉर्थम्बरलँड किंवा गॅलोवेसारख्या 'डार्क स्काय' भागात जाणार असाल तर माळा घरीच ठेवा. तिथे लोक अंधार बघायला येतात. दुर्बीण लावून बसलेल्या माणसाचे डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक पांढरा दिवा ती मेहनत क्षणात वाया घालवतो. अशा ठिकाणी पडदे ओढून ऑनिंगच्या (कॅराव्हॅनच्या दाराला जोडायच्या कापडी मांडवाच्या) आत एखादा मंद पिवळा दिवा पुरे.

तुमचं दार कोणाच्या खिडकीकडे आहे ते बघा

ब्रिटिश बनावटीच्या टूरिंग कॅराव्हॅनचं दार डाव्या अंगाला असतं आणि ऑनिंगही त्याच बाजूला लागतं. एका रांगेत सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करून कॅराव्हॅन लावल्या, की तुमचं ऑनिंग डावीकडच्या शेजाऱ्याच्या उजव्या खिडक्यांसमोर येतं. तो स्वतः संध्याकाळी त्याच्या ऑनिंगमध्ये, म्हणजे पलीकडच्या अंगाला बसलेला असतो. तो दिसत नाही, म्हणून त्याची आठवणही राहत नाही. उजेड मात्र रात्रभर त्याच्याच पलंगावर पडतो.

म्हणून माळा लावून झाल्या की अंधार पडल्यावर एकदा त्या बाजूच्या हद्दीवर जाऊन उभे राहा, मग खाली वाका. खिडकीतून झोपलेल्या माणसाची नजर साधारण तुमच्या कमरेच्या उंचीवर असते. तिथून दिव्याचा प्रत्यक्ष बिंदू डोळ्यात घुसत असेल तर जागा बदला. नुसता कापडावर पडलेला उजेड दिसत असेल तर चालेल.

या तपासणीत बहुतेक वेळा खरा गुन्हेगार वेगळाच सापडतो. माळेपेक्षा दारावरचा पांढरा ऑनिंग-लाइट जास्त त्रास देतो. लोक तो चालू करतात आणि विसरून झोपी जातात. रोषणाई करणार असाल तर तो बंदच ठेवा.

दिवे कोणते, कुठे

२७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर 'वॉर्म व्हाइट' एलईडी घ्या. निळे आणि थंड पांढरे दिवे धुक्यात पसरतात आणि डोळ्यांना टोचतात. एका ऑनिंगला शंभर दिव्यांची एक माळ भरपूर होते. ती छपराच्या कडेला, बाहेरून, चढवण्याचा मोह टाळा, कारण तिथून उजेड शेजाऱ्याच्या झरोक्यात उतरतो. ऑनिंगच्या आतल्या खांबांना गुंडाळली तर कापडच पडद्याचं काम करतं आणि सगळं ऑनिंग कंदिलासारखं उजळतं. बाहेरून बघायलाही तेच जास्त सुंदर दिसतं.

लुकलुकणारे दिवे नकोत. इथे एक बारीक फसगत आहे. आठ प्रकारे लुकलुकणाऱ्या माळेचं बटण दाबून तुम्ही ती स्थिर करता, पण वीज जाऊन परत आली की पुष्कळ माळा पहिल्या प्रकारावर, म्हणजे सगळे नाच आळीपाळीने करण्यावर, परत जातात. प्लगमध्ये लावायचा साधा टायमर हेच करतो. दुसऱ्या दिवशी तो माळ चालू करतो तेव्हा तुम्ही फिरायला गेलेले असता आणि शेजारी डिस्को बघत बसतो. विकत घेताना शेवटचा प्रकार लक्षात ठेवणारी, सहा तास चालू आणि अठरा तास बंद असा टायमर असलेली माळ घ्या.

तणाव्यांना लावायचे छोटे सौर दिवे उपयोगी असतात. अंधारात दोरीला पाय अडकत नाही. ते अंधार पडताच आपोआप लागतात आणि त्यांना वेळ कळत नाही, म्हणून झोपताना खालचं बटण बंद करावं लागतं. हालचाल ओळखून पेटणारा दिवा मात्र साइटवर आणूच नका. रात्री टॉयलेट ब्लॉककडे जाणारा प्रत्येक माणूस, कोल्हा आणि मांजर तो पेटवत राहतं.

आकाशकंदील

घरचा दोन फुटी कंदील इथे मोठा होतो. नऊ ते बारा इंचांचा, कापडी किंवा प्लास्टिकचा घ्या. कागदी कंदील ब्रिटनच्या दवात एका रात्रीत लगदा होतो. तो दाराबाहेर न टांगता ऑनिंगच्या आत, मधल्या आडव्या दांडीला बांधा. तळाला दोरी लावून तीही खाली खांबाला अडकवा. नाहीतर वाऱ्याने कंदील डोलतो आणि त्याच्या फिरत्या सावल्या पलीकडच्या पडद्यावर रात्रभर नाचतात. झिरमिळ्या प्लास्टिकच्या असतील तर त्यांची सळसळ शांत रात्री सहा मीटरवरही ऐकू येते. त्या झोपण्यापूर्वी वर गुंडाळून रबरबँड लावा.

भारतातून आणलेल्या कंदिलाचा पिन-होल्डर आणि ब्रिटनचा बी-२२ होल्डर एकच, त्यामुळे इथला तीन-चार वॉटचा एलईडी बल्ब त्यात बसतो. पण त्याची भारतीय दोन पिनांची वायर आणि प्लग वापरू नका. इथल्या सॉकेटमध्ये ती बसत नाही आणि अडॅप्टर लावून बसवली तरी ओलाव्यापासून तिला संरक्षण नसतं. सोपा उपाय म्हणजे आत बॅटरीचा एलईडी दिवा ठेवणे.

वीज: भार कमी, ओल जास्त

१६ अँपियरचा खांब ३,६८० वॉट देतो, १० अँपियरचा २,३००. एलईडी माळेला जेमतेम सहा-सात वॉट लागतात. त्यामुळे दिव्यांच्या भाराने वीज जात नाही; दोन किलोवॉटचा हीटर आणि किटली एकत्र लावल्याने जाते. माळेने वीज जाते ती पाण्यामुळे. कॅराव्हॅनमधला आरसीडी (वीज गळताच ती तोडणारा सुरक्षा-स्विच) आणि खांबावरचा आरसीडी दोन्ही ३० मिलिअँपियरचे असतात, त्यामुळे कोणता आधी पडेल याचा नेम नाही. खांबावरचा पडला आणि खांबाला कुलूप असेल तर रात्री वॉर्डनला, म्हणजे साइटच्या व्यवस्थापकाला, उठवावं लागतं. काही जुन्या खांबांवर दोन-तीन सॉकेट एकाच आरसीडीवर असतात. तिथे तुमच्या ओल्या माळेने शेजाऱ्याचाही हीटर बंद पडतो.

म्हणून माळ निदान आयपी४४ दर्जाची, म्हणजे उडणाऱ्या पाण्याला टिकणारी, आणि ट्रान्सफॉर्मरवर चालणारी घ्या. ट्रान्सफॉर्मर कॅराव्हॅनच्या आत ठेवा, बाहेर फक्त कमी व्होल्टेजची वायर जाऊ द्या. वायर आत शिरते तिथे तिला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळतं आणि वायरीवरून सॉकेटकडे जात नाही. खिडकीत वायर चेपून खिडकी लावू नका. हुकअपची २५ मीटरची केबल पूर्ण उलगडा आणि उरलेली कॅराव्हॅनखाली सैल नागमोडी पसरा. गुंडाळीत ठेवली तर भाराखाली ती तापते. आधी कॅराव्हॅनचं टोक जोडा, मग खांबाचं.

मधली मोकळी जागा मोकळीच ठेवा

कॅराव्हॅन क्लबांच्या बहुतेक साइट्सवर दोन कॅराव्हॅनमध्ये सहा मीटर अंतर आणि ऑनिंग धरूनही निदान तीन मीटर रिकामी जागा असा नियम असतो. आग पसरू नये यासाठी तो आहे. तोरण, झेंडे, तणावे, फुगवलेला हत्ती, काहीच त्या तीन मीटरांत नको. कुंपणाला किंवा झाडाला माळ बांधू नका, आणि जमिनीत खुंटी ठोकण्यापूर्वी वॉर्डनला विचारा. खाली वीज आणि पाण्याच्या लाइन्स असतात.

तेलाची पणती ऑनिंगमध्ये लावू नये. कापड पेटतं, आणि बंद जागेत धूर साठतो. बॅटरीच्या पणत्या वापरा. फटाके साइटवर जवळजवळ सगळीकडे मना असतात. इंग्लंड-वेल्समध्ये दिवाळीच्या रात्री कायद्याने एक वाजेपर्यंत मुभा असली तरी ती साइटच्या नियमावर मात करत नाही. उडते कंदील नकोतच. रांगोळी खडीवर उठत नाही, म्हणून प्लायवूडच्या फळीवर काढा आणि ऑनिंगच्या आत ठेवा.

वेळ आणि शेजारी

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सव्वाचार-साडेचारलाच मावळतो, त्यामुळे हौस भागवायला संध्याकाळ लांबलचक मिळते. सहा तासांच्या टायमरचं बटण बरोबर चार वाजता दाबा. माळ दहाला आपोआप विझते आणि दुसऱ्या दिवशी चारला स्वतःच लागते. साइटची शांततेची वेळ साधारण साडेदहा-अकराला सुरू होते, तिच्या आधीच तुमचा अंधार झालेला बरा.

दिवे लावण्याआधी, दिवसाउजेडी, दोन्ही बाजूंना जाऊन सांगा: आज आमचा सण आहे, दहाला दिवे बंद होतील, त्रास झाला तर दार वाजवा. 'इट्स फाइन' एवढंच उत्तर मिळालं तर ते होकार समजू नका. त्या बाजूची माळ थोडी आत घ्या. 'हाऊ लव्हली' म्हणत त्यांनी सणाबद्दल दोन प्रश्न विचारले तर खरंच चालतंय. सोबत फराळ देणार असाल तर चिवड्यात शेंगदाणे आणि काजू आहेत, लाडवात तूप आहे, हे आवर्जून सांगा. शेंगदाण्याची अॅलर्जी इथे लोक फार गंभीरपणे घेतात.

त्रास उलट दिशेने होत असेल, म्हणजे शेजाऱ्याचा दिवा तुमच्या खिडकीत येत असेल, तर त्या रात्री ब्लाइंड ओढून घ्या आणि सकाळी चहाच्या वेळी सांगा. रात्री अकराला टॉर्च घेऊन दार वाजवलं की भांडणच होतं. सांगूनही फरक पडला नाही तर वॉर्डनकडे जा. खांबावरून त्याचा प्लग काढणं कधीच नको. त्याच लाइनवर त्याचा फ्रिज असतो, कधी श्वासाचं यंत्रही.

निघण्याच्या सकाळी केबल-टायची कापलेली टोकं आणि झिरमिळ्यांचे तुकडे गवतातून हाताने वेचा. टोकं कुत्र्यांच्या पंजात रुततात आणि तुकडे गवत कापायच्या यंत्रात अडकतात. खुंट्या मोजून घ्या. बारा ठोकल्या असतील तर बाराच परत यायला हव्यात.